पाळी आली की उजवा खांदा का धरतो?

प्रश्न: माझं वय ३४. गेली दोन-अडीच वर्षं उजवा खांदा अधूनमधून भयंकर दुखतो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो साफ आहे. दोनदा फिजिओथेरपी झाली, उशी बदलली, मालिश झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. रात्री आडवं झालं की कळ वाढते, मग मी बसूनच रात्र काढते. पाळीचा त्रास मला पहिल्यापासून खूप आहे, पहिले दोन दिवस गोळीशिवाय उठवत नाही. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली. मध्यंतरी सहज कॅलेंडर चाळताना लक्षात आलं, की खांदा धरतो तो पाळीच्या आसपासच. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. एका डॉक्टरांनीही हसण्यावारी नेलं. खांद्याचा आणि पाळीचा खरंच संबंध असू शकतो का? पुढच्या वर्षी आम्हाला बाळाचा विचार करायचा आहे.

उत्तर: हो, असू शकतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ती म्हणजे कॅलेंडर चाळताना आलेली शंका. खांद्याच्या एक्स-रेपेक्षा या तारखा जास्त बोलतात. स्नायूची उसण, गोठलेला खांदा, मानेच्या मणक्यात दबलेली नस, यांना पाळीची तारीख ठाऊक नसते. पाळी येताना सुरू होऊन पाळीबरोबर ओसरणारं उजव्या खांद्याचं दुखणं, त्यात उताणं झोपल्यावर वाढणारं, आणि जोडीला वर्षानुवर्षांचा पाळीचा त्रास असं चित्र दिसलं, की एंडोमेट्रिओसिसचा विचार करायलाच हवा. तो श्वासपटलावरचा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावरचा, असू शकतो. निदान पक्कं झालं असं पत्रावरून म्हणता येणार नाही. पण शंका रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा व्हायला हवा.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के स्त्रिया आणि मुलींना हा आजार असतो. बहुतेकींमध्ये तो ओटीपोटातच राहतो. बीजांडकोशावर, गर्भाशयामागच्या खोलगट भागात, आतड्यावर किंवा मूत्राशयावर त्याचे डाग असतात. श्वासपटलापर्यंत पोचलेला आजार त्या मानाने क्वचित दिसतो आणि तो ज्यांना होतो, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या ओटीपोटातही आजार असतोच. म्हणून तुमचा जुना पाळीचा त्रास आणि हा नवा खांदा ही दोन वेगळी दुखणी धरू नका.

आता श्वासपटलावरचा आजार खांद्यात कसा दुखतो, ते पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूचा पडदा असतो, तेच श्वासपटल. त्याच्या मधल्या भागाची संवेदना जी नस वाहून नेते, ती मानेतून येते, तिथल्या मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून. गर्भात श्वासपटल आधी मानेच्या पातळीवर घडतं आणि मग खाली सरकतं. सरकताना आपली नस तशीच ओढत नेतं, म्हणून हा लांबचा प्रवास. खांद्याच्या माथ्यावरच्या कातडीच्या नसाही तिसऱ्या-चौथ्या मुळातूनच निघतात. दोन्हीकडचे निरोप पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी पोचतात. खांद्याकडून निरोप येण्याची मेंदूला सवय असते, श्वासपटलाकडून क्वचितच येतो, तेव्हा मेंदू दुखणं खांद्याच्या नावावर टाकतो. वेदना अगदी खरी असते, फक्त तिचा पत्ता चुकलेला असतो. म्हणूनच मालिश आणि फिजिओथेरपीने तात्पुरतं बरं वाटतं. आखडलेला स्नायू सैल होतो, पण मूळ जिथल्या तिथे राहतं.

श्वासपटलाच्या कडेच्या भागाला मात्र बरगड्यांमधल्या नसा जातात. डाग तिथे असेल तर दुखणं खांद्यात न येता उजव्या बरगड्यांखाली, कुशीत किंवा पाठीत येतं. तसलं काही जाणवत असेल तर तेही नोंदवा.

उजवाच खांदा का, याचंही बरंचसं स्पष्टीकरण आहे. पाळीच्या वेळी थोडं रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटात जातं. बहुतेक स्त्रियांमध्ये असं होतं आणि बहुतेकींना त्याचा काही त्रास नसतो. एंडोमेट्रिओसिसचा याच्याशी संबंध जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात जोडला. हे एकच कारण सगळं उलगडत नाही, पण उजव्या बाजूचं कोडं त्यातून चांगलं सुटतं. पोटातलं द्रव एका जागी साचून राहत नाही. श्वासोच्छ्वास आणि आतड्यांच्या हालचालींमुळे ते उजव्या कडेने वर चढतं आणि यकृत व श्वासपटल यांच्यामधल्या फटीत पोचतं. तिथून डावीकडे जायला यकृताचा एक पडद्यासारखा बंध आडवा येतो. डाव्या कडेने वर जाणारी वाट आणखी एका बंधामुळे अरुंद असते. म्हणून डाग उजवीकडे जास्त बसतात. डावा खांदा दुखला तर हा आजार नाहीच असं नाही, पण तेव्हा इतर कारणं आधी तपासावी लागतात.

तुमच्या हातात आज असलेलं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे वही. तीन पाळ्या नीट नोंदवा. फक्त दुखलं त्या दिवशी लिहू नका, न दुखलेले दिवसही लिहा. इथेच बहुतेक जणींची चूक होते. दुखऱ्या दिवसांचीच नोंद असली तर "महिनाभर अधूनमधून दुखतंच की" हा आक्षेप खोडता येत नाही. रोज रात्री एका ओळीत पाळीचा कितवा दिवस (रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे १), खांद्याचं दुखणं ० ते १० पैकी किती, पोटाचं किती, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि किती उतार पडला एवढं पुरे. ओळ अशी दिसेल: "दिवस १. खांदा ७, पोट ८. उताणं झोपता येईना, तीन उशा लावून झोपले. खोल श्वास घेताना चमक. रात्री ९ ला गोळी, ११ पर्यंत ४ वर." शौचाला किंवा लघवीला होताना दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं, धाप, कोरडा खोकला, थुंकीत रक्त यांतलं काही झालं तर त्याच ओळीत टाका. बऱ्याच वर्षांच्या आजारात दुखणं पाळीच्या पलीकडेही रेंगाळू लागतं. तसं होत असेल तर आकड्यांत पाळीच्या वेळचा चढ तरी दिसतो का, ते पाहा.

दुखणं जोरात असताना दोन-तीन गोष्टी स्वतः करून पाहा आणि लिहून ठेवा. हात बाजूने हळूहळू डोक्यापर्यंत उचला. दुखणं खांद्याच्या स्नायूबंधाचं असेल तर साधारण ६० ते १२० अंशांच्या मध्ये कळ येते आणि वर गेल्यावर कमी होते. खांदा गोठलेला असेल तर कोपर अंगाशी ठेवून दुसऱ्याने तुमचा हात बाहेर वळवला तरी तो वळत नाही. मान वळवल्यावर मुंग्या बोटांपर्यंत जात असतील तर संशय मानेवर. हात सगळीकडे मोकळा फिरतो, दाबून दुखरी जागा सापडत नाही, पण खोल श्वास घेतला किंवा आडवं झालं की कळ वर चढते, असं असेल तर संशय श्वासपटलाकडे वळतो. याने निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे ठेवायला ठोस निरीक्षण मिळतं. उजव्या खांद्यात किंवा खवाट्यात दुखणं पित्ताशयाच्या खड्यांमुळेही येतं. ते सहसा जड, तेलकट जेवणानंतर उठतं. त्याची सोनोग्राफी यकृत-पित्ताशयाची असते, तुमची झालेली कोणती होती ते रिपोर्टवर पाहा.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. बीजांडकोशातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) तिच्यात दिसते, आणि या आजाराचा सराव असलेल्या व्यक्तीने योनिमार्गातून केली तर खोलवर रुतलेले डागही दिसतात. पण पोटाच्या आवरणावरचे पातळ, पसरट डाग दिसत नाहीत आणि श्वासपटलाचा तर त्या तपासणीत सहसा विषयच नसतो. सीए-१२५ या रक्ततपासणीवरूनही हा आजार आहे किंवा नाही असं ठरवता येत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

उपयोगाची तपासणी एमआरआय, पण तीत एक मोठी मेख आहे. नेहमीचा ओटीपोटाचा एमआरआय श्वासपटलाच्या बराच खाली थांबतो. चिठ्ठीवर फक्त "ओटीपोट" लिहिलं असेल तर श्वासपटलाचं चित्र निघतच नाही, आणि रिपोर्टवर मात्र "नॉर्मल" येतं. म्हणून चिठ्ठीवर "ओटीपोट आणि श्वासपटल, पाळीच्या वेळी उजवा खांदा दुखतो, एंडोमेट्रिओसिसची शंका" असं स्पष्ट लिहून घ्या. रेडिओलॉजिस्टना हे आधी कळलं तर ते चरबीचा उजेड दाबणारी टी-वन चित्रं घेतात. त्यांत जुन्या रक्ताचे ठिपके पांढरे उठून दिसतात. जमलं तर तपासणी पाळी चालू असताना करा, तेव्हा डाग सापडण्याची शक्यता वाढते. एवढं करूनही काही दिसलं नाही, तरी आजार नाहीच असं ठरत नाही. काही मिलिमीटरचे डाग कोणत्याही चित्रात निसटू शकतात.

तपासणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, पण एंडोमेट्रिओसिसचं काम नेहमी करणारे निवडा. "खांदा दुखतो" अशी सुरुवात केलीत तर पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवणी होईल. वही पुढे ठेवा आणि म्हणा, "तीन पाळ्यांत रक्तस्रावाच्या आसपासच उजवा खांदा दुखला, मधल्या दिवसांत नाही. आडवं झालं की वाढतो. श्वासपटलावर एंडोमेट्रिओसिस असेल का?" वहीतून जे खरंच दिसेल तेच सांगा. प्रश्नात जागेचं नाव घेतलंत की हसण्यावारी नेणं अवघड जातं. तरीही कोणी उडवून लावलं, तर "पाळीशी निगडित खांदेदुखी" ही तक्रार केसपेपरवर लिहून द्यायला सांगा आणि दुसरं मत घ्या.

उपचार. तुम्ही घेता ती गोळी बहुधा उशिरा घेतली जाते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होण्याआधीच अडवतात. एकदा ती भरपूर तयार झाली की गोळी मागे पडते. दुखणं कधी सुरू होतं हे वहीतून कळलं, की त्याच्या आदल्या दिवसापासून, नाहीतर पहिली चाहूल लागताच सुरुवात करा. मात्रा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दर ८ तासांनी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. किंवा त्याऐवजी मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. यांतली दोन औषधं एकत्र घेऊ नका, उतार तेवढाच पडतो आणि पोटातल्या अल्सरचा व किडनीचा धोका वाढतो. पुरत नसेल तर जोडीला पॅरासिटामॉल चालतं. आधी अल्सर झालेला असेल, किडनीचा आजार असेल किंवा अशा गोळीने दमा उठत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतली एकही नको.

आडवं झाल्यावर वाढतं तेव्हा पाठ आणि डोकं मिळून उंच करा. नुसत्या डोक्याखाली उशा रचल्या तर मान मोडून येते आणि एक नवं दुखणं लागतं. शेक कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. याने तेवढी रात्र निघते.

मूळ आजार दबतो तो पाळी थांबवणाऱ्या संप्रेरकांनी. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज एकाच वेळी, मध्ये खंड न पाडता, किंवा गर्भनिरोधक गोळ्या मधला आठवडा न सोडता. यासाठी आधी ऑपरेशन करून आजार डोळ्यांनी पाहायलाच हवा, ही जुनी अट आता राहिलेली नाही. युरोपच्या मानवी प्रजनन संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. डायनोजेस्टच्या पहिल्या काही महिन्यांत अधूनमधून कपड्यांना रक्ताचे डाग लागतात. त्याला घाबरून पुष्कळ जणी गोळी सोडतात, आणि औषध लागू पडलं की नाही हे कधी कळतच नाही. मन फार उदास व्हायला लागलं तर मात्र थांबवून डॉक्टरांशी बोला. मायग्रेनच्या आधी डोळ्यांपुढे चमचम येत असेल, रक्तदाब असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा पस्तिशी ओलांडूनही धूम्रपान चालू असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत. डायनोजेस्टही गुठळी सध्या असेल किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर चालत नाही.

तुमच्या बाबतीत बाळाचा प्रश्न आहे, आणि ही औषधं चालू असताना बाळासाठी प्रयत्न करता येत नाही. ती बीजनिर्मिती थांबवतात आणि औषधाचा परिणाम असतो तोवर दिवस राहणं लांबणीवर पडतं. उलट डायनोजेस्टवर गर्भनिरोधक म्हणून विसंबूही नका, निरोध वापरा. पुढचं वर्ष ठरलेलं असेल तर डॉक्टरांशी असं बोलता येईल, की मधले काही महिने औषध घेऊन पाहावं. पाळीबरोबर खांद्याचं दुखणंही थांबलं तर संशय बळावतो, तेवढ्यावर शिक्कामोर्तब मात्र होत नाही. प्रयत्न सुरू केल्यावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्याच ठेवा. चक्राच्या मध्यावर त्या बीज बाहेर पडण्यात अडथळा आणू शकतात. दिवस राहिल्याची शंका असेल तर घेऊ नका. पस्तिशीच्या उंबरठ्यावर आहात, त्यामुळे सहा महिने प्रयत्न करून यश आलं नाही तर वर्षभर वाट न पाहता वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा. आणि "एक मूल झालं की सगळं बरं होईल" असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. गरोदरपणात पाळी नसल्याने त्रास अनेकदा शांत होतो, पण तो उपचार नव्हे.

ऑपरेशनचा विचार औषधाने भागत नसेल, ते घेता येत नसेल किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तेव्हा. इथे एक धोका फार ठळकपणे सांगायला हवा. बेंबीतून घातलेल्या दुर्बिणीला श्वासपटलाचा पुढचा भाग दिसतो, पण डाग बहुधा मागे, यकृताच्या आड असतात. यकृत खाली सरकवल्याशिवाय, टेबल डोक्याकडून उंच आणि डाव्या कुशीकडे कललेलं असल्याशिवाय, कधी उजव्या बरगडीखाली वेगळं छिद्र घेऊन दुर्बीण तिकडून घातल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणून भूल देण्याआधी विचारा, की श्वासपटलाचा मागचा भाग पाहणार का, त्याचे फोटो घेणार का, डाग आरपार असेल तर काय करणार, आणि गरज पडली तर छातीचे सर्जन हजर असतील का. आरपार गेलेला डाग कापताना छातीची पोकळी उघडते. तिथे टाके घालावे लागतात, कधी नळी ठेवावी लागते, आणि नसेला धक्का लागला तर श्वासपटलाची ती बाजू वर चढून बसते. हे काम पूर्वी केलेल्यांच्याच हाती द्यावं. दुसऱ्याच कारणासाठी दुर्बीण घातली असताना, त्रास नसलेला एखादा छोटा डाग सापडला तर त्याला हात लावलाच पाहिजे असं मुळीच नाही.

एक बारीक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोणत्याही लॅप्रोस्कोपीनंतर, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या ऑपरेशननंतर, दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो, कारण पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल चिडतं आणि निरोप त्याच नसेने वर जातो. ते पाहून "ऑपरेशन फसलं" असं समजू नका. खरा निकाल पुढच्या दोन-तीन पाळ्या देतील, वही तोवर चालू ठेवा.

काही वेळा वहीबिही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जायचं असतं. पाळीच्या आदल्या दिवसापासून पुढच्या तीन दिवसांत अचानक छातीत कळ आली आणि धाप लागली, तर फुप्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते. याच आजाराचा तो छातीतला प्रकार, तोही बहुतेकदा उजवीकडे होतो. तिथे छातीचा एक्स-रे मागा आणि पाळी चालू आहे हे आपणहून सांगा, कोणी विचारेल याची वाट पाहू नका. असं एकदा झालं असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत विमानप्रवास करू नका, आणि पाण्याखाली डायव्हिंग तर नाहीच. खोकल्यातून रक्त आलं तरी त्याच दिवशी दाखवा. पाळी चुकली असताना किंवा नेहमीपेक्षा वेगळा रक्तस्राव होत असताना खांद्याच्या टोकाला कळ आली, पोट दुखू लागलं, भोवळ आली, तर बीजवाहिनीत गर्भ राहून ती फुटल्याची शक्यता असते. ही जिवावरची वेळ आहे. पुढच्या वर्षी प्रयत्न सुरू कराल तेव्हा हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी "तिचा खांदा नेहमीच दुखतो" म्हणून थांबलेला एक तासही महागात पडतो. आणि डावा खांदा, जबडा, छातीवर दडपण, दरदरून घाम असं एकत्र आलं तर पाळी असो वा नसो, आधी ईसीजी.

फिजिओथेरपी थांबवायची का, तर खांद्याच्या हालचालीत खरोखर अडचण सापडली असेल तरच चालू ठेवा. दुखऱ्या रात्री अंग आवळून बसल्याने मान आणि पाठ आखडते, तेवढ्यासाठी हलके व्यायाम चांगलेच. येत्या पाळीपासून वही सुरू करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ आताच घेऊन ठेवा. दुखणं फारच असेल तर तिसऱ्या पाळीपर्यंत थांबू नका, एका पाळीची नोंद घेऊनही जा.